‘यू’ला मिनांगमध्ये काय म्हणतात?

तुम्ही क्वालालंपूरला नोकरी करता आणि तिथल्या मैत्रिणीचं लग्न पुढच्या महिन्यात इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्रात, पायाकुम्बूहजवळच्या तिच्या गावी आहे. तिच्या घरच्यांशी त्यांच्या मिनांग भाषेत थोडंफार बोलता यावं म्हणून तुम्ही रोजच्या वापरातली चाळीस इंग्रजी वाक्यं काढलीत, मशीनकडून भाषांतर करून घेतलंत आणि मला विचारलंत, ‘एवढं बरोबर आहे का बघाल?’

बघितलं. व्याकरणाने चुकलेली वाक्यं चार-पाचच आहेत. पण पहिलंच वाक्य घ्या. ‘हाउ आर यू?’चं तुमच्या यादीत ‘बाआ काबा आंग?’ झालंय. शब्द सगळे अस्सल मिनांग. बाआ म्हणजे कसं, काबा म्हणजे आपली खबर, आंग म्हणजे तू. पादांगच्या कुठल्याही कॉलेजात एक पोरगा दुसऱ्याला दिवसातून दहा वेळा असं विचारत असेल. तुम्ही तेच मैत्रिणीच्या आईला विचारलंत तर तिच्या कानाला ते ‘काय रे, कसा आहेस?’ असं लागेल. ‘रे’ मुद्दाम लिहिलाय, कारण आंग फक्त पुरुषाला म्हणतात. बाईसाठी त्याच पातळीचा शब्द काउ, तोही बरोबरीच्या किंवा धाकट्या मैत्रिणीपुरता.

मी बुकितिंगीत सहा वर्षं राहिले, आणि इंडोनेशियन, इंग्रजी, मिनांग अशी ने-आण करणं हाच माझा पोटाचा धंदा आहे. कोणी वाक्य आणून ‘याचं मिनांग काय?’ असं विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोण कोणाला म्हणतंय? ते कळल्याशिवाय मी पेन उचलत नाही. तुमच्या यादीत चाळीस वाक्यं आहेत, पण एकाही वाक्यापुढे ऐकणाऱ्याचं नाव नाही. खरी अडचण तिथे आहे.

इंग्रजीतल्या ‘यू’ला मिनांगमध्ये सरसकट चालेल असा शब्द नाही. आपल्याकडे निदान ‘तुम्ही’ म्हणून वेळ मारून नेता येते. तिथे ती सोय नाही. समोरच्या माणसाचं जे नातं, तेच त्याचं सर्वनाम. आपल्याहून थोडा मोठा पुरुष म्हणजे उदा, थोडी मोठी बाई म्हणजे उनी. आईच्या वयाची ती आमाक, वडिलांच्या वयाचा तो आपाक. पारिआमानकडचा असेल तर त्याला उदा न म्हणता आजो म्हटलं की गडी खूश. नातं रक्ताचं असायची गरज नाही. भाजीवाली, रिक्षावाला, बँकेतला कारकून, सगळ्यांना हेच. आपण अनोळखी माणसाला दादा-ताई-मावशी म्हणतो, पण पुढे वाक्यात ‘तुम्ही’ येतंच. मिनांगमध्ये वाक्यभर ‘उनी’च चालत राहतं: उनी कुठे चालली, उनीचं घर कुठे, उनी जेवली का. आणि हे सगळं त्या उनीच्या तोंडावर.

म्हणून तुमचं पहिलं वाक्य मैत्रिणीच्या आईसाठी असं होईल: ‘लाइ सेहात, माक?’ माक हे आमाकचं हाक मारतानाचं रूप. लाइ हा छोटासा शब्द फार कामाचा आहे. ‘आहे ना’, ‘ठीक ना’ असा होकाराकडे झुकलेला प्रश्न तो करतो, आणि उत्तरातही नुसतं ‘लाइ’ म्हटलं तरी भागतं. आपल्या ‘लई’शी त्याचा काही संबंध नाही, पण पहिले काही महिने मला मिनांग बायका सातारकडच्या वाटायच्या, ते याच शब्दामुळे. ‘आपो काबा?’ हेही चालेल. ते सगळीकडेच चालतं, आणि त्यामुळेच थोडं पाहुण्यासारखं वाटतं.

‘मी’ची गंमत वेगळी. यादीत तुम्ही सगळीकडे आम्बो घेतलाय. तो नम्र शब्द आहे, मुळात ‘दास’ असा अर्थ, पण तो जास्त करून पुरुषांच्या तोंडी ऐकू येतो. बरोबरीच्या दोस्तांत देन. तुमच्यासारखी तरुण मुलगी बहुधा स्वतःचं नावच घेईल किंवा आवाक म्हणेल. आवाकचा मूळ अर्थ अंग, शरीर. तोच शब्द ‘मी’ होतो, ‘आपण सगळे’ही होतो, आणि कुठे कुठे समोरच्यालाही लागतो. यावर कोणी इंग्रज डोकं धरून बसेल, मराठी माणसाला काहीच वाटणार नाही. आपल्या ‘आपण’कडे बघा. ‘आपण जाऊ’, ‘आपण कधी आलात?’, ‘आपण बुवा असल्या भानगडीत पडत नाही’: तिन्ही ‘आपण’ वेगळे, आणि पहिलीतल्या पोरालाही त्यात गोंधळ होत नाही. आम्ही आणि आपण हा भेदही त्यांच्याकडे तसाच आहे, कामी आणि कितो. मशीन इथे हमखास घसरतं, कारण इंग्रजीच्या ‘वुई’त तो भेद नाही. तुमच्या यादीतलं ‘वुई आर हॅपी टु बी हिअर’ हे वाक्य ‘कितो’ने सुरू झालंय, म्हणजे ज्यांच्या घरी तुम्ही जाणार त्यांनाही तुम्ही त्या घरी पाहुणे केलंत.

आता जे कुठल्याही वाक्ययादीत नसतं आणि ज्याच्यावाचून यादीचा उपयोग नाही, ते सांगते. मिनांग लोक बोलण्याच्या चार वाटा मानतात. त्याला म्हणतात कातो नान आम्पेक, चार प्रकारचं बोलणं. मोठ्यांशी बोलायचं ते कातो मानदाकी, चढणीचं बोलणं. धाकट्यांशी कातो मानुरुन, उतरणीचं. बरोबरीच्यांशी कातो मानदाता, सपाटीचं. आणि चौथं कातो मालेरेआंग, म्हणजे डोंगराच्या कुशीने तिरक्या जाणाऱ्या वाटेसारखं. मारापी आणि सिंगालांग या दोन डोंगरांच्या मधल्या मुलखात राहणाऱ्यांनी बोलण्याला चढ-उताराची नावं दिली याचं तिथे पाय दुखेपर्यंत चालल्यावर नवल वाटेनासं होतं.

हे चौथं तिरकं बोलणं लग्नाच्या नात्यांत चालतं. जावई, मेहुणे, व्याही, किंवा ज्यांचा मान राखायचा पण ज्यांना थेट काही सांगायचं नाही अशी माणसं. मिनांग समाज मातृवंशीय आहे. घर, शेत, कुळ आईकडून लेकीकडे जातं, आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी येतो. त्या घरात तो सुमान्दो, मानाचा पण बाहेरचा. त्याला ‘छप्पर गळतंय, दुरुस्त कर’ असं सासू सांगणार नाही. ‘रात्री पाऊस बराच झाला म्हणायचा, चटई भिजली’ एवढंच म्हणेल, तेही दुसऱ्या कोणाकडे बघून. आपल्याकडे याला लेकी बोले सुने लागे म्हणतात. फरक एवढाच की तिथे ऐकून घेणारा जावई असतो. मला हे वाचून नाही, ऐकवून घेऊन समजलं.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मला इंडोनेशियन चांगलं येत होतं आणि त्याच्या जोरावर मी बाजारात मिनांग बोलायचा प्रयत्न करत होते. माझ्याहून चांगली पंधरा वर्षांनी मोठी असलेल्या एका भाजीवालीला मी ‘काउ’ म्हणाले. ती काही बोलली नाही, वांगी मोजून दिली, सुट्टे परत दिले. संध्याकाळी मी ओसरीवर बसले होते. घरमालकीण, जिला मी आमाक म्हणायचे, तिच्या सात वर्षांच्या नातीचे केस विंचरत होती. विंचरता विंचरता ती नातीला म्हणाली, ‘का नान लाबिआह तुओ, इम्बाउ उनी, यो पिआक.’ आपल्याहून मोठी असेल तिला उनी म्हणून हाक मारायची हं, बाळ. नातीने मान वर करून आजीकडे पाहिलं. तिला कळेना हे आज मधेच काय. आजीने फणी चालूच ठेवली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझे मात्र कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी त्या भाजीवालीकडून मी गरज नसताना दोन जुड्या पालेभाजी घेतली आणि तीनदा उनी म्हणाले.

तुमच्या यादीकडे परत येते.

‘प्लीज’ला तुम्ही सगळीकडे तोलोंग लावलंय. तोलोंग म्हणजे मदत. कोणी तुमच्यासाठी काही उचलून आणणार असेल तर ठीक. पण ‘प्लीज’चं खरं काम मिनांगमध्ये एक भलताच शब्द करतो: चिएक. अर्थ ‘एक’. ‘तान्यो चिएक, दा’, एक विचारायचं होतं, दादा. मराठीतही आपण ‘एक विचारू?’ असंच म्हणतो, आणि तो एक आकडा नसतो, विनंती असते. या शब्दाचं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य खानावळीतलं आहे. पादांगी खानावळीत बसलात की ऑर्डर द्यायच्या आत पोऱ्या हातावर एकावर एक दहा-बारा बशा रचून आणतो आणि सगळ्या टेबलावर मांडतो. ज्या बशीला हात लावाल तिचे पैसे, बाकीच्या परत. भात संपला की हात किंचित वर करून म्हणायचं, ‘ताम्बुआह चिएक, दा!’ अजून एक वाढ, दादा. ताम्बुआह म्हणजे भर, वाढीव भात. यात ‘प्लीज’ नाही, ‘कुड आय हॅव’ नाही, आणि तरी यात तसूभर उद्धटपणा नाही. ‘दा’मुळे आणि ‘चिएक’मुळे. मशीनने तुमच्या ‘कुड आय हॅव सम मोअर राइस, प्लीज?’चं जे सात शब्दांचं वाक्य करून दिलंय ते ऐकून पोऱ्या मॅनेजरला बोलावेल.

‘नो’ एकच शब्द आहे असं इंग्रजीला वाटतं. मराठीत आपण नाही, नव्हे, नको, अजून नाही असे किमान चार वेगळे करतो, मिनांगमध्येही तसंच आहे. इन्दाक म्हणजे नाही. बुकान म्हणजे नव्हे. जान म्हणजे नको करू. आणि आलुन म्हणजे अजून नाही. शेवटचा नीट लक्षात ठेवा, कारण लग्नघरात तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत विचारलं जाईल, तुझं लग्न झालं का? ‘इन्दाक’ असं उत्तर दिलंत तर ‘नाही आणि करणारही नाही’ असा सूर लागतो. ‘आलुन, माक’ म्हणा. मग ती माउली तुमच्यासाठी दुआ करेल आणि बहुधा एखादा पुतण्याही सुचवेल. त्याला माझा इलाज नाही.

इन्दाकला शेपूटही असतं. बोलताना वाक्याच्या शेवटी दोह येतो: ‘इन्दाक आदो दोह’, नाहीये काही. हा दोह लिखाणात गळतो, मशीनच्या भाषांतरात तर जवळजवळ कधीच दिसत नाही, आणि तो नसला की वाक्य सरकारी परिपत्रकासारखं कोरडं होतं. ‘नो प्रॉब्लेम’साठी एकच घट्ट पाठ करा: ‘न्दाक बाआ दोह.’ काही नाही हो, चालतंय. कोणी माफी मागितली, पायावर पाय पडला, चहा सांडला, यायला उशीर झाला, सगळ्याला हे लागू पडतं.

जेवताना पुढे केलेल्या वाढण्याला मात्र इन्दाक अजिबात नको. ‘आलाह कान्यांग’, पोट भरलं, असं म्हणायचं. आलाह म्हणजे झालं. नकाराच्या जागी झालेल्या गोष्टीचा दाखला. मराठी सुगरणीला ‘नको’ ऐकू येत नाही, तशी ‘आलाह कान्यांग’ही मिनांग सुगरणीला पहिल्या खेपेला ऐकू येत नाही. तीनदा म्हणावं लागतं.

‘थँक यू’. तारिमो कासिआह. उत्तर सामो-सामो. बरोबर आहे, वापरा. फक्त पाणी दिलं, उशी दिली, चमचा दिला म्हणून दर वेळी नको. घरच्या माणसाला आपण ऊठसूट धन्यवाद म्हणत नाही. तुम्ही फार वेळा म्हणालात तर आमाकला वाटेल, ही पोर अजून परकीच आहे.

‘गुड मॉर्निंग’ला सालामाइक पागी असं भाषांतर आहे आणि ते शाळेत, कार्यालयात, भाषणाच्या सुरुवातीला ऐकू येतं. गल्लीत नाही. घरात शिरताना, लापाउत म्हणजे चहा-कॉफीच्या टपरीत शिरताना ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणतात. मिनांग समाज जवळजवळ सगळाच मुसलमान आहे. वाटेत भेटलेल्या माणसाला विचारतात, ‘का कामा, नी?’ कुठे निघाली ताई? इथे आपली मराठी आडवी येते. घराबाहेर पडलेल्या माणसाला ‘कुठे?’ विचारू नये, काम होत नाही, असं माझ्या आजीने डोक्यात इतकं बसवलेलं की सुरुवातीला मी दचकायचे. तिथे तो प्रश्नच नसतो, नमस्कार असतो. ‘का पासा’, बाजारात, एवढं म्हटलं की संपलं. बाजारात जात नसलात तरी चालतं.

‘नाइस टु मीट यू’ काढून टाका. त्याला तिथे काही नाही, आणि इंडोनेशियनवरून ओढून आणलेलं वाक्य बोलण्यात अर्थ नाही. नव्या माणसाला भेटल्यावर मिनांग माणूस विचारतो, ‘उरांग मा?’ कुठले तुम्ही? अगदी आपलं ‘गाव कुठलं?’ त्यांच्यात त्यानंतर सुकु कोणता, म्हणजे आईकडचं कुळ कोणतं, हा प्रश्न येतो. तुम्हाला तो कोणी विचारणार नाही, पण गावाचं नाव विचारतील, तर नुसतं ‘इंडिया’ म्हणून थांबू नका. गाव सांगा, तिथे काय पिकतं ते सांगा. मी ऊस सांगायचे, तेवढ्यावर अर्धा तास बोलणं चालायचं.

नाव विचारताना एक काळजी घ्या. त्यांच्यात म्हण आहे, केतेक बानामो, गादांग बागाला. लहानपणी नाव, मोठेपणी किताब. लग्नात नवऱ्या मुलाला गाला म्हणजे कुळाचा किताब मिळतो, आणि सासरचे त्याला त्या किताबाने हाक मारतात, नावाने नाही. तुमच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला ऑफिसात तुम्ही नावाने हाक मारत असाल. लग्नघरात, तिच्या आईसमोर, किताब कोणता मिळाला ते आधी विचारून घ्या. तसंच त्या घरात सगळ्यात मान कोणाला, तर तिच्या मामाकला, आईच्या भावाला. लिहायचं मामाक, पण शब्दाच्या शेवटचा क उच्चारत नाहीत. ‘मामा’ म्हणून घशात झटकन अडायचं. मराठी कानाला तो मामाच वाटतो, आणि आहेही मामाच. फक्त तिथला मामा भाच्यांच्या मालमत्तेवर, लग्नावर, भांडणावर बोलू शकतो. तो कुळाचा प्रमुख असेल तर दातुआक म्हणा. त्याच्याशी बोलताना वाक्यं कमी बोला, हात दोन्ही पुढे करा, डोकं थोडं खाली. ते चढणीचं बोलणं झालं, शब्दांशिवाय.

‘आय लव्ह यू’ तुमच्या यादीत का आहे ते मी विचारत नाही. प्रत्येकाच्या यादीत असतं. मशीनने चिन्तो दिलाय. शब्द खरा, पण गाण्यातला. घरात, नवरा-बायकोत, आई-लेकीत सायांग म्हणतात. चिन्तो मात्र आपल्या ओळखीचा निघतो: संस्कृत चिंता. मलयमध्ये चिंता म्हणजे प्रेम झालं, मिनांगने शेवटच्या आ-चा ओ केला. ज्याची काळजी वाटते ते प्रेम, असं म्हटलं तर मराठी आईला पटेल.

ही आ-ची ओ करायची सवय समजली की इंडोनेशियन किंवा मलय येणाऱ्याचं निम्मं काम हलकं होतं, आणि तुम्हाला क्वालालंपूरमुळे थोडं मलय येतंच. आपा झालं आपो, तिगा झालं तिगो, लिमा झालं लिमो. आपल्या ओळखीचे संस्कृत शब्दही असेच वेष बदलून भेटतात. भाषा म्हणजे बासो, कथा म्हणजे कातो (‘शब्द’, ‘बोलणं’ या अर्थाने), सकल म्हणजे सागालो, उपवास म्हणजे पुआसो, दोष म्हणजे दोसो. अभ्यासाचं बिआसो झालं, अर्थ ‘सवयीचं, नेहमीचं’. ऐकताना मराठी माणसाला वाटतं कोणी बंगाली बोलतंय. या मुलखावर चौदाव्या शतकात आदित्यवर्मन राज्य करत होता, त्याचे संस्कृत आणि जुन्या मलयमधले शिलालेख अजून बातुसांकारच्या परिसरात उभे आहेत, आणि १३४७ चा त्याचा लेख अमोघपाश या बौद्ध देवतेच्या मूर्तीच्या पाठीवर कोरलेला आहे. भाषेतले हे शब्द धर्म बदलल्यावरही गेले नाहीत.

ओ-खेरीज इतरही बदल ठरलेले आहेत. शेवटचा आस एह होतो: बेरास (तांदूळ) बारेह, पानास (गरम) पानेह. उंगचा उआंग: काम्पुंग काम्पुआंग. इंगचा इआंग: कुचिंग (मांजर) कुचिआंग. शेवटचा र गळतो: पासार पासा, तेलूर (अंडं) तालुआ. इतकं नेमकं आहे की नवशिक्याला वाटतं सूत्र सापडलं, आता शब्दकोशाची गरज नाही. मशीनलाही बहुधा असंच वाटत असावं. जिथे मिनांग शब्द त्याला माहीत नसतो तिथे ते इंडोनेशियन शब्दाला मिनांग टोपी घालून पुढे करतं. आणि नेमके रोजचे शब्दच वेगळे आहेत. मोठं म्हणजे गादांग, लहान म्हणजे केतेक, छान म्हणजे रान्चाक, पैसे म्हणजे पितिह, गाडी म्हणजे ओतो. रान्चाक घराला, लुगड्याला, नवरीला, मोटारसायकलला सगळ्याला चालतो. चवीला मात्र लामाक. मलयमध्ये लेमाक म्हणजे चरबी, स्निग्धपणा. मिनांगमध्ये तेच ‘चविष्ट’ झालं, पुढे ‘सुखाचं’ झालं. नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवलेलं मांसाचं रेन्दांग खाल्लंत की या शब्दाचा प्रवास जिभेलाच कळेल. ‘लामाक बाना, माक’, फार छान झालंय, हे वाक्य एकटं तुमच्या चाळीस वाक्यांना भारी आहे.

खरे दगा देणारे शब्द मात्र दोन्ही भाषांत दिसायला सारखे असतात. शेजारीण एकदा तिच्या नवऱ्याबद्दल म्हणाली, ‘उदा गालाक तारुइह.’ इंडोनेशियनमध्ये गालाक म्हणजे रागीट, अंगावर येणारा. कुत्र्याच्या पाटीवर लिहितात तो शब्द. मला वाटलं बिचारी सांगतेय, नवरा सारखा खेकसतो. दोन आठवडे मी त्या माणसाला टाळून मागल्या दाराने जायचे. मिनांगमध्ये गालाक म्हणजे हसणं. तो सारखा हसतो, असं ती कौतुकाने सांगत होती. आणि खरंच, पुढे पाहिलं तर तो टीव्हीवरच्या बातम्यांनाही हसायचा.

वेळेचे दोन शब्द इंग्रजीतून येताच येत नाहीत, मराठीतून मात्र सरळ येतात. चाको म्हणजे मघाशी. बेको म्हणजे मग, थोड्या वेळाने, आजच. ‘अर्लिअर’ आणि ‘लेटर’ला मशीन लांबलचक काहीतरी देतं. तुमच्या यादीत जिथे जिथे ते आहे तिथे हे दोन लिहा. सरावासाठी मधली इंग्रजी काढूनच टाका. मराठीत वाक्य म्हणून बघा, मग मिनांगमध्ये न्या. बऱ्याच ठिकाणी वाट जवळची पडते. ‘एक्स्क्यूज मी’ शोधण्यापेक्षा ‘जरा जाऊ द्या हं’ शोधा, म्हणजे लोकांच्या मधून वाकून जाताना म्हणायचं ‘तुम्पांग लालु, पाक’ सापडतं.

लिहिण्याबद्दल फार डोकं लावू नका. एकच शब्द तुम्हाला तीन प्रकारे लिहिलेला दिसेल; शाळा, कचेऱ्या, पाट्या सगळं इंडोनेशियनमध्ये, त्यामुळे मिनांग लिहिताना प्रत्येक जण आपल्या कानाने लिहितो. गावांच्या नावांचंही तसंच. पाटीवर बुकितिंगी, तोंडात बुकिकतिंगी. पाटीवर पारिआमान, तोंडात पिआमान. आपल्याकडे पाटीवर सायन आणि तोंडात शीव, तसंच काहीसं.

आता यादीचं. चाळीसपैकी बारा वाक्यं ठेवलीत आणि प्रत्येकापुढे कोणाला म्हणायचं ते लिहिलंय: आमाकला, मामाकला, मैत्रिणीच्या धाकट्या भावाला, वाढणाऱ्याला. भावाला आंग चालेल का असं विचाराल; नको, तो तुमच्याहून लहान असला तरी पहिल्या भेटीत नाव घ्या. नवरी-नवऱ्याला ‘सालामाइक, यो’ एवढं पुरे, मंचावर मागे रांग असते.

निघताना ‘गुडबाय’ म्हणून तुमच्याकडे ‘साम्पाइ बासुओ बालिआक’ आहे. ते पुन्हा भेटू, भाषणातलं. तुम्ही ‘पाइ लु, माक’ म्हणा. येते, आई, शब्दशः जाते, पण तिथे ‘जाते’ म्हणायला कोणी हरकत घेत नाही. आमाक म्हणेल ‘एलोक-एलोक दि जालान’, नीट जा, आणि हातात रेन्दांगचा डबा देईल. तेव्हा आलाह कान्यांगही म्हणू नका, तारिमो कासिआह म्हणून घ्या. डबा परत कसा पाठवू, ही चिंता तुम्हाला वाटेल, तिला नाही. मिनांग माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटापाण्यासाठी घराबाहेर पडत आलीत. क्वालालंपूरला तिचा कोणी ना कोणी भाचा असतोच, तो येऊन घेऊन जाईल.